कोलंबसला बदली होऊन येताय? हायस्कूलचं पहिलं वर्ष, वर्गात आणि मैदानावर

इंडियाना राज्यातलं कोलंबस हे ५० हजारांच्या आसपास वस्तीचं शहर, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला गाडीनं तासाभरावर. कमिन्स कंपनी इथलीच, १९१९ सालची. १९६२ साली ती किर्लोस्करांच्या जोडीनं पुण्यात आली आणि कोथरूडच्या कारखान्यामुळे पुणेकरांच्या घरोघरी पोचली. तेव्हा पुण्याहून बदली होऊन इथे येण्यात नवल काही राहिलेलं नाही. बालवाडीतली, पहिली-दुसरीतली मुलं इथे पटकन रुळतात. अडतं ते तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींचं, कारण ती थेट हायस्कूलमध्ये जाऊन पडतात. हे सगळं अशा घरांसाठी.

बहुतेक आईबाबांचा बेत विमानातच ठरलेला असतो: आधी अभ्यास मार्गी लागू दे, खेळाचं पुढच्या वर्षी बघू. इथे हा क्रम चालत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या खेळांचा सराव शाळा उघडायच्या सुमारास किंवा त्याच्याही आधी सुरू होतो. मार्क घसरले तर खेळ बंद होतो. आणि लहान शहरात नव्या मुलाच्या ओळखी व्हायच्या त्या बऱ्याचशा संघातच होतात. म्हणून वर्ग आणि मैदान, दोन्हींची तयारी एकाच आठवड्यात धरायची.

पुणे सोडण्याआधी

पहिलं काम लसींचं. इंडियानातल्या शाळांना नेहमीच्या ट्रिपल, पोलिओ, एमएमआर आणि हेपटायटिस बीबरोबर हेपटायटिस ए आणि कांजिण्यांचे दोन-दोन डोस लागतात. सहावीपासून पुढे टीडॅप (ट्रिपलचा मोठ्या मुलांचा डोस) आणि मेनिंगोकोकलचाही (मेंदूज्वराची लस) एकेक डोस लागतो, बारावीत मेनिंगोकोकलचा दुसरा. आपल्याकडे कांजिण्या आणि हेपटायटिस ए खाजगी डॉक्टरांकडे घेतलेल्या असतील तरच असतात, आणि मेनिंगोकोकल बहुतेकांची राहिलेलीच असते. जे पुण्यात मिळेल ते तिथेच उरकून घ्या.

आता एक बारीक गोष्ट. आपल्या डॉक्टरांनी फाइलवर ०४/०८/२०११ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ४ ऑगस्ट. इथली नर्स ते ८ एप्रिल वाचते. मग दोन डोसांमधलं अंतर कमी भरतं आणि तोच डोस पुन्हा घ्या म्हणतात. बालरोगतज्ज्ञांच्या लेटरहेडवर सगळ्या लसी एका पानावर, महिन्याचं नाव अक्षरी लिहून, सही-शिक्क्यासह मागून घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण इथे आल्यावर ते व्हॉट्सअॅपवरून करून घेणं म्हणजे डोकेदुखी.

दुसरं काम गुणपत्रिकांचं. इथलं हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी अशी चार वर्षं, आणि कॉलेजं या चारही वर्षांचे मार्क बघतात. मुलगी पुण्यात नववी किंवा दहावी करून येत असेल तर त्या वर्षाची मूळ गुणपत्रिका इथे क्रेडिट, म्हणजे विषय पुरा केल्याची नोंद, मिळवून देऊ शकते. आठवीचीही घ्या, गणिताचा वर्ग ठरवायला उपयोगी पडते. स्टेट बोर्डाची मुलं असतील तर बालभारतीच्या गणित आणि विज्ञानाच्या इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांच्या पीडीएफ उतरवून ठेवा. कशासाठी ते पुढे येईलच.

घर घेण्याआधी पत्ता तपासा

शहरात मुख्य सरकारी हायस्कुलं दोन: कोलंबस नॉर्थ आणि कोलंबस ईस्ट. दोन्ही बार्थोलोम्यू कन्सॉलिडेटेड स्कूल कॉर्पोरेशनच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, अखत्यारीत. याशिवाय सिग्नेचर अकॅडमीचं न्यू टेक नावाचं एक छोटं हायस्कूल आहे, तिथे सगळा अभ्यास प्रकल्पांतून चालतो. नॉर्थ की ईस्ट हे तुमच्या घराच्या पत्त्यावर ठरतं. म्हणून अपार्टमेंटचा करार सह्या करून मोकळं होण्याआधी तो पत्ता स्कूल कॉर्पोरेशनच्या ऑफिसला कळवून शाळा विचारून घ्या. कुठली चांगली, या प्रश्नात मी पडत नाही. नॉर्थ मोठी, तिचं बास्केटबॉलचं मेमोरियल जिम्नॅशियम सात हजार माणसं बसतील एवढं. ईस्टची १९७२ची इमारत मिचेल-जुर्गोला या नामांकित वास्तुकारांची, या शहराच्या प्रसिद्ध इमारतींपैकी एक. दोन्हीकडे चांगले शिक्षक आहेत आणि दोन्हीकडे मुलं वाया गेलेली पाहिली आहेत.

एच-४ किंवा एल-२ व्हिसावर (आईबाबांच्या नोकरीमुळे मिळणारा) आलेल्या मुलांना सरकारी शाळा इतरांसारखीच मोफत आहे. पुस्तकांसाठी शुल्क भरावं लागतं असं जुनी मंडळी सांगतील. २०२३च्या कायद्यानं इंडियानात तेही बंद झालं.

नाव घालायला जाताना भाडेकरार किंवा विजेचं बिल, जन्मदाखला, पासपोर्ट, लसींचं पान आणि गुणपत्रिका एवढं न्या. तिथे एक फॉर्म येतो: घरी कोणती भाषा बोलता? मराठी लिहा, बिनधास्त लिहा. मराठी लिहिलं की मुलाची विडा नावाची इंग्रजीची चाचणी होते, ती कायद्यानं करावीच लागते. मुलाला मागच्या वर्गात टाकतील या धास्तीनं काही जण तिथे इंग्रजी असं लिहून मोकळे होतात. त्याची काही गरज नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ती चाचणी सहसा जड जात नाही, आणि गेलीच तर जादा मदत मिळते, तीही फुकट.

त्याच दिवशी फिजिकलचा कागद

शाळेच्या ऑफिसातून बाहेर पडण्याआधी अॅथलेटिक डायरेक्टरचं ऑफिस कुठे आहे ते विचारा आणि मुलाला घेऊन तिथे जाऊन या. खेळांचा सगळा कारभार या माणसाच्या हातात असतो. राज्यभरातल्या शालेय खेळांचे नियम इंडियाना हायस्कूल अॅथलेटिक असोसिएशन बनवते. तिला सगळे आयएचएसएए म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आयएचएसएएचा ठरलेला वैद्यकीय तपासणीचा फॉर्म असतो. त्याला सगळे नुसतं फिजिकल म्हणतात. तो भरून डॉक्टरची सही झाल्याशिवाय मुलाला पहिल्या सरावालाही उभं करत नाहीत. येणाऱ्या शैक्षणिक वर्षासाठीची तपासणी १ एप्रिल किंवा त्यानंतरची हवी. पुण्याच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र चालवून घेतील या आशेवर राहू नका, इथेच करून घ्या. नव्या कुटुंबाला फॅमिली डॉक्टरची वेळ मिळायला कित्येक आठवडे लागू शकतात, तेव्हा वॉक-इन क्लिनिक गाठा. दम्याचा पंप, जुना फ्रॅक्चर, घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार, हे सगळं फॉर्मवर खरं लिहा. आपल्याकडे असं लिहिलं की मुलाला काढून टाकतील असं वाटतं. इथे बहुधा एक जादा तपासणी होते आणि मूल खेळतं.

त्याबरोबर डोक्याला मार लागणं आणि अचानक हृदय बंद पडणं या दोन विषयांची माहिती वाचून आईबाबा आणि मूल, दोघांनी सही करायची असते. ती सही इंडियानाच्या कायद्यात आहे. नुसती सही करू नका, वाचा. विशेषतः मूल फुटबॉल म्हणत असेल तर. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपल्या फुटबॉलला सॉकर म्हणतात.

मूल याआधी नववी किंवा पुढच्या वर्गात भारतात शिकलेलं असेल तर बदलीचा आणखी एक फॉर्म भरावा लागतो. आईबाबांबरोबर खरोखर राहतं घर बदलून आलेल्या मुलाला साधारणपणे पूर्ण परवानगी मिळते. मात्र तो कागद दोन्ही शाळांकडून व्हावा लागतो, आणि तुमच्या पुण्याच्या शाळेतल्या क्लार्ककाकांना असला ई-मेल आयुष्यात कधी आलेला नसणार. निघण्याआधी त्यांच्या कानावर घालून ठेवा.

कौन्सेलरसमोर बसताना

इथे वर्गशिक्षक नसतात. मुलाला एक कौन्सेलर नेमून दिलेला असतो, आणि विषय निवडण्यापासून कॉलेजच्या शिफारसपत्रापर्यंत सगळं त्याच्यामार्फत. पहिल्या भेटीला आईबाबांपैकी एकानं जावं, बोलायचं मात्र मुलानं. अहो-जाहो करून कौन्सेलरला साकडं घालण्याचा इथे उपयोग नाही. मूल गप्प आणि बाबाच बोलताहेत हे दृश्य त्यांना फारसं रुचत नाही.

२०२५ साली नववीत आलेल्या मुलांपासून इंडियानात नवा डिप्लोमा लागू झाला आहे. किमान ४२ क्रेडिट. त्यावर सील नावाचे जादा शिक्के मिळवता येतात: एक पुढच्या शिक्षणासाठी, एक नोकरीसाठी, एक सैन्य किंवा सार्वजनिक सेवेसाठी, आणि प्रत्येकात साधा ऑनर्स आणि वरचा ऑनर्स प्लस. इंजिनिअरिंगकडे बघणाऱ्या मुलांनी पहिल्याची चौकशी पहिल्याच भेटीत करावी. त्याआधीच्या वर्गांना जुनी कोअर ४० पद्धत आहे, मोठ्या भावंडाची माहिती धाकट्याला जशीच्या तशी लावू नका.

खरी मेख गणितात आहे. इथे एका वर्षी बीजगणित, पुढच्या वर्षी भूमिती, मग बीजगणित भाग दोन, मग प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस अशी उतरंड असते. आपल्याकडे गणित भाग १ आणि भाग २ म्हणजे बीजगणित आणि भूमिती दरवर्षी बरोबरच. नववी पास झालेली मुलगी या उतरंडीत कुठे बसवायची हे कौन्सेलरला गुणपत्रिकेवरून कळत नाही, तिथे नुसतंच ‘गणित ८८’ असतं. मग सावधगिरी म्हणून तिला खालच्या वर्गात घालतात आणि ती वर्षभर जांभया देते. तेव्हा ती बालभारतीची पीडीएफ काढा. अनुक्रमणिका उघडून दाखवा: रेषीय समीकरणं इथे, समरूपता इथे, त्रिकोणमिती इथे. आणि चाचणी घेऊन वर्ग ठरवा अशी विनंती करा. चाचणीत कमी पडली तर हट्ट धरू नका. घाईनं वर चढवलेल्या मुलाची पायाखालची वाळू अकरावीत सरकते.

विज्ञानाचंही तसंच. जीवशास्त्र एक वर्ष, रसायन एक वर्ष, भौतिकी एक वर्ष. आपली मुलं तिन्ही थोडं थोडं शिकून आलेली असतात, त्यामुळे पहिल्या वर्षी जीवशास्त्र सोपं वाटतं. वाटू दे. त्या वर्षी इंग्रजी आणि इतिहास यांनाच वेळ लागणार आहे. निबंधात स्वतःचं मत मांडून त्याला पुरावा जोडायचा असतो, आणि पाठांतर तिथे काहीच कामाला येत नाही.

एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय. त्यांच्या मागे आपली मंडळी फार लवकर लागतात. आल्या आल्या पहिल्या सत्रात एकही एपी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, शेजारच्यांच्या मुलानं तीन घेतले असले तरी. दुसऱ्या वर्षी घ्या. आयव्ही टेक कॉलेजचे दुहेरी क्रेडिटचे विषय हायस्कूलमध्येच मिळतात, तेही विचारा. आणि सीफोर नावाचं शहरातलं व्यवसाय-शिक्षण केंद्र ‘आयटीआय’ समजून नाकारू नका. पुढे इंजिनिअर व्हायचं असलेल्या मुलानं एकदा वेल्डिंगची टॉर्च हातात धरली तर बिघडलं कुठे?

२०२८ साली बारावी पुरी करणाऱ्या बॅचपासून वैयक्तिक अर्थव्यवहार हा विषय सक्तीचा आहे: कर, कर्ज, क्रेडिट स्कोअर. मुलाची त्या विषयाची वही बाबांनीही चाळावी. अमेरिकेत शून्य क्रेडिट हिस्टरी घेऊन आलेल्या माणसाला तिचा उपयोग मुलापेक्षा जास्त आहे.

कुठला खेळ?

क्रिकेट नाही. बॅडमिंटनही आयएचएसएएच्या यादीत नाही. हे एकदा मान्य केलं की पुढचं सोपं.

वर्षाचे तीन हंगाम. पहिल्यात फुटबॉल, सॉकर, क्रॉसकंट्री, मुलींचा व्हॉलीबॉल. हिवाळ्यात बास्केटबॉल, कुस्ती, पोहणं, मुलींचं जिम्नॅस्टिक्स. वसंतात ट्रॅक, बेसबॉल, सॉफ्टबॉल. यात इंडियानाची एक गंमत आहे: टेनिस मुलांचं पहिल्या हंगामात आणि मुलींचं वसंतात, आणि गोल्फ बरोबर उलटं. मुलगी टेनिसवाली असेल तर तिला वसंतापर्यंत थांबावं लागेल, आणि तोवर ती रिकामी बसू नये.

बास्केटबॉल हा इथला धर्म आहे. १९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातल्या, जेमतेम १६१ पटाच्या शाळेनं मन्सी सेंट्रलसारख्या बड्या शाळेला ३२-३० असं हरवून राज्य जिंकलं, ती गोष्ट इथे अजून सांगतात. अशा राज्यात, हजार-दोन हजार मुलांच्या शाळेत, डझन-दीड डझन जागांच्या संघात सोसायटीच्या कोर्टवर शिकलेला मुलगा पहिल्याच वर्षी बसेल हे अवघड आहे. ट्रायआऊट म्हणजे निवड चाचणी, दोन-तीन दिवसांत नावं कापली जातात. प्रयत्न जरूर करू द्या. पण नव्या देशात पहिल्याच महिन्यात ‘तुझं नाव नाही’ हे ऐकायची पाळी येऊ नये, एवढं बघा.

म्हणून माझा सल्ला ठरलेला: पहिल्या हंगामात क्रॉसकंट्री. तिथे सहसा कुणाला कापत नाहीत, सामान म्हणजे एक चांगला बुटाचा जोड, आणि कौशल्य म्हणाल तर पळता येणं. अंतर ५ किलोमीटर, मुलामुलींना सारखंच, रस्त्यावर नाही तर गवतावर, चढउतारावर, चिखलात. संघाचे सात जण धावतात, त्यातल्या पहिल्या पाच जणांचे क्रमांक मिळवून बेरीज होते, जिची बेरीज कमी ती शाळा जिंकते. तेव्हा पाचवा आलेला मुलगा पहिल्याइतकाच मोलाचा असतो, त्यामुळे मागच्याला पुढचे ओढत नेतात. मुख्य संघाला व्हर्सिटी म्हणतात, त्याखालच्याला जेव्ही. पहिलं वर्ष जेव्हीत गेलं तर कमीपणा नाही. दिवसाचे दोन तास बरोबर पळताना गप्पा होतातच, आणि शाळेच्या कॅन्टीनमध्ये डबा घेऊन कुणाच्या शेजारी बसायचं हा नव्या मुलाचा खरा प्रश्न पहिल्याच आठवड्यात सुटतो.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी संघातल्या कुणाच्या तरी घरी पास्ताचं जेवण असतं. शाकाहारी असाल तर त्या घरच्या आईला आधीच मेसेज टाका: मांस नको, चीज चालेल, अंड्याचं सांगा. लोक मनापासून वेगळं काढून ठेवतात. एकदा तुमच्याही घरी बोलवा. पास्ताच करा. पुलावाचा प्रयोग नंतर.

पहिल्या सामन्याआधी त्या खेळाच्या सरावाचे ठरावीक दिवस भरावे लागतात, बहुतेक खेळांत १०. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात उगवलेलं मूल म्हणूनच सप्टेंबर उजाडेपर्यंत कडेला उभं असतं. वयाचीही अट आहे: त्या खेळाच्या राज्य अंतिम स्पर्धेच्या दिवसापर्यंत विसावं पूर्ण होत असेल तर खेळता येत नाही.

खेळ नकोच असेल तर मार्चिंग बँड बघा, तबला-पेटी शिकलेली मुलं तालवाद्यांत चटकन बसतात. पण त्यांचंही शिबिर उन्हाळ्यातच असतं. एकट्या रोबोटिक्सवर थांबू नका. तिथे आपलीच मुलं भेटतात, आणि ती रविवारी भेटणारच असतात.

मार्क आणि मैदान यांची गाठ

खेळाडूनं मागच्या निकालात, घेता येतील तेवढ्या पूर्ण क्रेडिटच्या विषयांपैकी निदान ७० टक्के विषयांत पास व्हायला हवं, आणि चालू सत्रातही तेवढे विषय घेतलेले हवेत. सात विषय घेता येत असतील तर पाच. आपल्या घरात ही अट हसण्यावारी जाते: पास? आमच्याकडे नव्वदच्या खाली कुणी नाही! इथेच फसगत होते.

शाळेच्या पोर्टलवर आईबाबांचं खातं उघडा आणि पहिल्या महिन्यात दर शुक्रवारी बघा. चाचणीत ९६, ९४, आणि एकूण ग्रेड सी. कारण खाली तीन ओळींत ‘मिसिंग’. म्हणजे गृहपाठ केला, पण पोर्टलवर चढवला नाही. किंवा गटचर्चेत बोलायचे मार्क होते आणि पोरगा बोलला नाही. न दिलेल्या कामाला शून्य पडतं, आणि एक शून्य दोन नव्वदांना खाली खेचतं. शेवटच्या परीक्षेत भरून काढू, ही दहावीची सवय इथे महागात पडते. बोर्डाची परीक्षाच नाही, दर आठवड्याची बेरीज हाच निकाल. मिसिंग दिसलं की तुम्ही शिक्षकांना लिहू नका, मुलाला लिहायला लावा: नम्रपणे, दोन ओळी, उशिरा दिलं तर चालेल का. पुष्कळदा चालतं.

खेळणाऱ्या मुलाच्या कोचलाही हे ग्रेड दिसत असतात, आणि घरच्यांचं न ऐकणारी मुलं कोचचं ऐकतात. याचा फायदा उठवायला हरकत नाही.

अकरावीत शाळेतच, शाळेच्या वेळात सगळ्यांची सॅट, म्हणजे कॉलेजप्रवेशाची परीक्षा, होते, फुकट. तिच्यासाठी नववीपासून क्लास लावायची गरज नाही. खेळात खरोखर पुढे जाणारं मूल असेल तर एनसीएएला, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या संघटनेला, ठरावीक १६ मुख्य विषय लागतात, ते नववीपासूनच मोजले जातात. तेवढं कौन्सेलरला आधीच सांगून ठेवा.

ने-आण

सराव संपतो साडेपाच-सहाला. पिवळी बस तोवर केव्हाच गेलेली असते. बाबा ऑफिसात, आईकडे इथलं लायसन्स अजून नाही, आणि नोव्हेंबरात सहाच्या आत अंधार. लहान शहरात खेळ सुटण्याचं हे सगळ्यात मोठं कारण असेल, अभ्यास नव्हे. तेव्हा आईनं लायसन्सची लेखी परीक्षा आल्या आल्या, सोशल सिक्युरिटीच्या रांगेबरोबरच मनावर घ्यावी. तोवर संघातल्या जवळ राहणाऱ्या घराशी बोलून ठेवा: नेण्याचं आम्ही बघतो, आणण्याचं तुम्ही बघा. नुसतं आणायला सांगू नका, आपली पाळी आधी बोलून दाखवा. मूल स्वतः ड्रायव्हर्स एज्युकेशनचा वर्ग करत असेल तर पंधराव्या वर्षी लर्नर परमिट मिळतं, पण मोठ्यांच्या देखरेखीखाली ५० तास चालवल्याशिवाय लायसन्स नाही. ते तास तुम्हालाच शेजारी बसून काढायचे आहेत.

दिवाळीची सुट्टी नसते. कळवून रजा मिळते, पण त्या दिवशी संध्याकाळी सामना असेल तर आधी विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी दिवसा गैरहजर राहिलेल्याला संध्याकाळी खेळू देत नाहीत.

पुढचं वर्ष

पुढच्या वर्षीचे विषय हिवाळ्यातच निवडायचे असतात. तो फॉर्म मुलाच्या दप्तरात चुरगळून पडतो, जानेवारी लागली की विचारत राहा. नवी फिजिकल १ एप्रिलनंतर करून घ्या. आणि सुट्टीत भारतात जायचं असेल तर तिकिटं काढण्याआधी कोचकडून उन्हाळ्याच्या सरावाच्या तारखा मागा. जूनमध्ये जाऊन जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात परत, हे साधारण बसतं. लग्नकार्य ऑगस्टात काढलं असेल तर मामाला आत्ताच फोन करा.